हिरेमठ सरांचं सगळ्यात छोटं भाषण

परवा सोलापुरात आमच्या जुन्या कॉलेजात पदवीदान समारंभ होता. आमच्या वेळी असलं काही नव्हतं... ऑफिसच्या खिडकीत हात घालायचा, क्लार्क सर्टिफिकेट द्यायचे, वर "घडी करू नका" म्हणून दम भरायचे. आता खांद्यावर उपरणी, फोटोग्राफर, सेल्फी पॉइंट... पोरी काय गोड दिसत होत्या!

प्रमुख पाहुणे होते आमचे हिरेमठ सर. माजी विद्यार्थ्यांच्या मीटिंगमध्ये मीच हट्टाने त्यांचं नाव रेटलं होतं. सर भूगोल शिकवायचे. बेल झाली तरी त्यांची नदी काही समुद्राला मिळायची नाही.

नाव पक्कं झाल्यावर कळलं की गेल्या वर्षी सरांना पॅरालिसिस झाला आणि वाचाच गेली... मी तशीच जुळे सोलापूरला त्यांच्या घरी गेले. काकू म्हणाल्या, "कन्नड येतंय बघ थोडं थोडं. मराठी अजून येईना. पण जायचंच म्हणून बसलेत की."

घरची भाषा आधी परत आली होती. जिच्यात आयुष्यभर शिकवलं, ती मात्र रुसून बसलेली. मी चार सोप्या मराठी ओळी लिहून दिल्या आणि काकूंनी पंधरा दिवस रोज त्यांच्याकडून त्या घोकून घेतल्या.

समारंभात सरांच्या आधी तिघे बोलले. "मी जास्त वेळ घेणार नाही" म्हणत प्रत्येकाने अर्धा तास खाल्ला. दीड वाजला. पोरं बिचारी सकाळी आठपासून रिहर्सलला आलेली.

मग सर उठले. एका हातात काठी, खांद्यावर सत्काराची सोलापुरी चादर, तीही भर उन्हाळ्यात! त्यांनी कागद उघडला. "वि... वि..." पुढे शब्दच येईना.

कुणीतरी फिसकन हसलं. या माणसाला चारचौघांत असं उभं मीच केलं होतं. आपणच जाऊन कागद वाचावा म्हणून मी खुर्चीतून अर्धी उठलेसुद्धा.

तेवढ्यात सरांनी कागद खिशात ठेवला. समोरच्या पोरांकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "ऊटा आतेनु?" म्हणजे, जेवण झालं का?

मागून एक मुलगी ओरडली, "इल्ला, सर!" अक्कलकोटकडची असावी, तिकडे घरोघरी कन्नड. पाठोपाठ निम्मा हॉल, "इल्ला! इल्ला!" ज्यांना कन्नडचं ओ की ठो कळत नाही, तेही "नाही नाही" म्हणून ओरडायला लागले.

सर हसले. कितीतरी दिवसांनी ते जुनं हसू दिसलं. "मग... जेवा की!" म्हणाले आणि बसले.

झालं भाषण! टाळ्या, शिट्ट्या... पोरं थांबायलाच तयार नाहीत.

मी काकूंकडे पाहिलं. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. पदराने डोळे पुसत मला म्हणाल्या, "मराठी आलं की गं त्यांना... ऐकलंस ना तू?"

ऐकलं, काकू. सगळ्या हॉलने ऐकलं. सर, तुमच्या इतक्या तासांमधलं मला आता फारसं काही आठवत नाही, खोटं कशाला बोलू... पण हे तीन शब्द जन्मभर पुरतील.