फूटपट्टीने टेकडी सर केली

फूटपट्टी हे नाव त्याला लाकडी सामानाच्या कारखान्यात पडलं. अंगाने सरळसोट, किडकिडीत, कानामागे पेन्सिल आणि खिशात घडीची पट्टी. कपाटाचं दार असो की खुर्चीचा पाय, मापात बसल्याशिवाय हा गडी हातातून सोडायचा नाही. पुढे कारखाना सुटला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बायको लाडात असली की त्याला ‘अरे फूटपट्टी’ म्हणायची, आणि रागावली की नुसतं ‘अरे’.

कारखाना सुटला तो धाकट्यामुळे. पोरगं दिवस भरायच्या आत जन्मलं, मांजराच्या पिल्लाएवढं. श्वास घ्यायचं तेसुद्धा जणू आठवून आठवून. थोरली तेव्हा नुकती बालवाडीत जायला लागली होती. कोणीतरी एकाने घरी थांबणं भाग होतं. बायको बंदरावर उंच क्रेन चालवायची, तिची नोकरी पक्की. कारखान्याचं काम म्हणजे आज आहे तर उद्या नाही. फूटपट्टी म्हणाला, “मी थांबतो.” इतक्या सहज म्हणाला, की जणू कोपऱ्यावरून पाव आणायला निघालाय.

‘वर्षभरात परत कामावर जाईन’ असं तो सुरुवातीला सगळ्यांना सांगायचा. मग सांगायचं बंद झालं. धाकट्याला वाफ द्यायची, औषध पाजायचं, थोरलीला शाळेत सोडायचं, आणायचं, कपडे, भांडी, स्वयंपाक, आणि हे सगळं करताना एक कान कायम धाकट्याच्या छातीकडे. पोरगं झोपेत नुसतं कुशीवर वळलं तरी ह्याचे डोळे टक्क उघडायचे. हळूहळू धाकट्याची छाती भरली, तो शिंगरासारखा उधळायला लागला, शाळेत जायला लागला. फूटपट्टीचा कान मात्र होता तिथेच राहिला. नळ टपकला की कान टवकारलेला. जिन्यात कोणी शिंकलं की कान टवकारलेला. नाक्यावर कुणाच्याही पोराने “बाबा!” म्हणून हाक मारली, की हा भाजीची पिशवी तिथेच टाकून मागे वळायचा.

एका संध्याकाळी बायको कामावरून आली, बूट काढता काढता म्हणाली, “सुट्टी टाकलीय मी. तळ्याकाठी एक लाकडी घर मिळतंय. आपण चौघं जायचं.”

“कशासाठी?”

“तुझ्या विश्रांतीसाठी.”

“मला काय धाड भरलीय?”

“नाही भरली. भरायच्या आत जाऊ या.”

घर फूटपट्टीला पहिल्या नजरेत आवडलं. जाड फळ्यांच्या भिंती, पुढे ओटी, ओटीच्या पायऱ्या उतरल्या की गवत, आणि गवत संपलं की तळं. पाण्यात एक लाकडी धक्का पुढे गेलेला. आत एक मोठी खोली, चूलवजा शेगडी, आणि वर पोटमाळ्यावर मुलांचे बिछाने. दाराची चौकट किंचित तिरकी होती, तेवढं त्याने मनात टिपून ठेवलं. घराची मालकीण गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून आली, किल्ली दिली, सरपण कुठे ते दाखवलं आणि मागच्या टेकडीकडे हात करून म्हणाली, “ही वाट थेट माथ्यावर जाते. वरून पलीकडचा समुद्र दिसतो. पण बहुतेक लोक शेवटचा चढ बघून परत फिरतात.”

“समुद्र!” फूटपट्टी म्हणाला. बायको त्याच समुद्राच्या काठावर रोज कामाला जायची आणि हा कित्येक वर्षांत तिकडे फिरकला नव्हता.

“जा ना तू,” बायको म्हणाली. “मी रोजच वर बसून समुद्र बघते. तू बघून ये.”

दुसऱ्या दिवशी सगळे उठायच्या आत फूटपट्टीने ओटी झाडली, दूध तापवलं, अंडी उकडली आणि सरपणाचे ओंडके आकारानुसार लावून ठेवले. बायको डोळे चोळत बाहेर आली. तिने त्याच्या हातातला झाडू काढून घेतला आणि खुर्चीकडे बोट दाखवलं.

“बस.”

“अगं पण...”

“अरे.”

हे नुसतं ‘अरे’ होतं. तो बसला.

बसला म्हणजे काय, खुर्चीला टेकला इतकंच. समोर तळं आरशासारखं पडलं होतं आणि त्याचे कान मागच्या खोलीत. पातेल्याचं झाकण थडथडलं. “गॅस बारीक करा!” तो तोंड न वळवता ओरडला. “इथे गॅस नाहीये बाबा, शेगडी आहे,” थोरलीचा आवाज आला. मग काहीतरी सांडलं. मग फुटलं. मग खूप शांतता पसरली, आणि ती सांडण्या-फुटण्यापेक्षा वाईट होती. फूटपट्टीने खुर्चीचे हात असे घट्ट धरले होते, की जणू दात काढायला बसलाय.

“हे असलं बसणं नको,” शेवटी बायकोच म्हणाली. “टेकडीवर जा.”

तो निघाला. वाट झाडांतून वळत वर जात होती, पायाखाली मऊ पाला. तो पहिल्या वळणापर्यंत पोचतोय न पोचतोय तोच खालून हाक आली, “बाबाऽऽ!” धाकट्याचं डोकं स्वेटरच्या बाहीत अडकलं होतं. आई शेजारीच होती, पण बाबाच पाहिजे म्हणून पठ्ठ्याने घर डोक्यावर घेतलं होतं. फूटपट्टी उतरला, डोकं सोडवलं, आणि मग उशीर झाला म्हणून राहिलाच.

पुढच्या दिवशी तो त्याहून वर गेला. एका पडलेल्या झाडावरून उडी मारून पलीकडे गेला आणि पुन्हा हाक. या वेळी थोरली. आईने भात करायला घेतला होता आणि पाणी किती घालायचं यावरून मायलेकींची जुंपली होती. दोघी त्याला बघून एकदमच म्हणाल्या, “हिला सांग!” त्याने पातेल्यात बोट बुडवून माप दाखवलं. तोवर आभाळ भरून आलं होतं.

बायकोने त्या संध्याकाळी मुलांना समोर बसवलं. “उद्या बाबा वर जाणार. घराला आग लागली तरच हाक मारायची. लागली तरी आधी मला सांगायचं.” मुलांनी शपथा घेतल्या.

तर तिसऱ्या खेपेला फूटपट्टी झाडं संपतात तिथवर पोचला. पुढे नुसता खडक. वर माथा दिसत होता, आणि त्याच्या अलीकडे तो शेवटचा चढ, उभाच्या उभा. तो बुटांच्या नाड्या आवळायला वाकला, आणि त्याला स्वच्छ ऐकू आलं, “बाबा!”

तो खाली सुटला. काटे लागले, पाय घसरला, एका ठिकाणी तर तो बसूनच खाली आला. धापा टाकत ओटीवर पोचला, तर तिघं जण मांडी ठोकून पत्ते खेळत होती आणि धाकट्याने नुकतीच आईवर मात केली होती.

“काय झालं?” फूटपट्टीने विचारलं.

“काही नाही,” थोरली म्हणाली. “तू का आलास?”

“हाक मारलीत ना!”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. “आम्ही नाही मारली बाबा,” धाकटा म्हणाला. “शपथ घेतली होती ना.”

फूटपट्टी मटकन पायरीवर बसला. पँटला चिखल, केसांत पाला. कुणी हाक मारलीच नव्हती. त्याला हसूही येईना आणि रडूही. हाक आली असती तर बरं झालं असतं, असा एक विचार मनात येऊन गेला आणि त्या विचाराची त्याला भीतीच वाटली.

मुलं पाण्याकडे पळाली तशी बायको येऊन शेजारी बसली. उन्हं उतरत होती.

“डोकं फिरलंय माझं,” तो म्हणाला.

“नाही फिरलं. माझंही असंच व्हायचं.” ती तळ्याकडे बघत बोलत होती. “बाळंतपणानंतर मी कामावर गेले ना, तेव्हा वर क्रेनच्या केबिनमध्ये बसले की मला धाकट्याचं रडणं ऐकू यायचं. एवढी यंत्रं खाली धडधडतायत, वारा घोंघावतोय, आणि त्यात पोराचं रडणं. अगदी खरं. दोनदा तर मी उतरून ऑफिसात फोन करायला गेले होते.”

“कधी बोलली नाहीस.”

“काय बोलणार? कामावर ठेवलं नसतं. मग एक दिवस लक्षात आलं की ऐकू येत नाहीये. सकाळपासून एकदाही नाही. मी हातातलं काम थांबवलं आणि रडले. वाटलं, आपण आई आहोत की कोण आहोत? पण मग कळलं. तू घरी होतास म्हणून थांबलं ते. तुझा कान तिथे आहे हे माझ्या कानाला पटलं, तेव्हा.”

खाली मुलं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती.

“आता मी खाली आहे,” ती म्हणाली. “भात कच्चा राहील, पोरं भांडतील, कोणीतरी पडेल. पण मी आहे. एवढं तुझ्या कानाला सांगून बघ.”

“ऐकायचा नाही तो.”

“तुझाच आहे. हट्टी असणारच.”

निघण्याच्या आदल्या दिवशी आकाश निवळलं. न्याहारी झाली तसा फूटपट्टी उठला, पाण्याची बाटली घेतली आणि कुणाचा निरोप न घेता मागच्या वाटेला लागला. पहिलं वळण गेलं. पडलेलं झाड गेलं. झाडं संपायच्या जरा आधी कानात आलंच, “बाबा!” पाय आपोआप थांबले. तो तसाच उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, “ती आहे खाली.” जवळच्या झाडावरचा पक्षी दचकून उडाला. फूटपट्टी पुढे निघाला. पुन्हा हाक. “ती आहे म्हटलं ना!” असा तो स्वतःच्या कानाशी हुज्जत घालत खडकापाशी पोचला.

चढ खरंच वाईट होता. पायाला आधार शोधायला हाताने चाचपावं लागत होतं. पण लाकडाच्या कामात घडलेले ते हात होते. कुठली कपार वजन पेलेल, कुठली नाही, हे त्यांना कळत होतं. घाम डोळ्यांत गेला. खाली बघितलं तर डोकं गरगरलं, मग त्याने खाली बघणंच सोडलं. एक हात, एक पाय. एक हात, एक पाय. काही वेळाने त्याच्या लक्षात आलं की बऱ्याच वेळात हाक ऐकू आलेली नाही. एवढं सुचेपर्यंत हाताला गवत लागलं. तो पोटावर सरपटत वर आला आणि उभा राहिला.

पलीकडे समुद्र होता. केवढा होता! निळा, मग करडा, मग नुसता लखलखाट. इकडे खाली तळं, त्याच्या काठाला काडेपेटीएवढं घर, धुराड्यातून धूर, आणि धक्क्यावर तीन ठिपके. एक ठिपका दुसऱ्याच्या मागे पळत होता.

फूटपट्टीने दोन्ही हात वर केले आणि जीव खाऊन ओरडला. शब्द नव्हतेच, नुसती आरोळी. कारखान्यात नाही, घरात नाही, आयुष्यात कधी तो असा ओरडला नव्हता. ती आरोळी खाली पोचली नाही. ठिपके खेळतच राहिले. त्याला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. उलट तो पुन्हा ओरडला, केवळ मजा म्हणून.

मग तो उन्हात तापलेल्या खडकावर आडवा झाला. जरा दम खाऊ म्हणून. आणि जो झोपला तो असा झोपला, की वारा सुटला, ढग आले नि गेले, अंगावरून मुंगळा फिरला, तरी गड्याला पत्ता नाही. जाग आली तेव्हा ऊन कलंडलं होतं आणि गालावर खडकाची नक्षी उमटली होती. आपण कुठे आहोत हे त्याला क्षणभर समजेना. समजलं तेव्हा तो एकटाच खो खो हसत सुटला.

उतरून गवतापर्यंत आला तशी मुलं धावत आली.

“बाबा अर्धाच लाल झालाय!” थोरली किंचाळली. एका कुशीवर झोपल्यामुळे त्याचा एक गाल टोमॅटोसारखा झाला होता.

धाकट्याच्या गुडघ्याला पट्टी होती. वाकडीतिकडी, गाठ पुढे आलेली. “बाबा, मी धक्क्यावर पडलो, रक्त आलं, आणि मी बरा पण झालो!” त्याने एका दमात सांगून टाकलं.

फूटपट्टीचा हात पट्टीकडे गेला. सोडून पुन्हा नीट बांधायला बोटं शिवशिवली. पण पोराच्या तोंडावर असा काही तोरा होता, की हात वर आला आणि त्याच्या केसांतून फिरला.

“कोणी बांधली?”

“मी,” थोरली म्हणाली.

“झकास बांधलीस.”

बायको दारात उभी होती. नाकाला काजळी, कपाळावर पीठ. मागे खोलीत रणधुमाळी झाल्यासारखी भांडी पसरली होती. “गेलास?” तिने विचारलं.

“गेलो.”

“पार वर?”

“पार वर. आणि झोपलो.”

“तू? झोपलास?” ती आनंदाने ओरडली आणि तिने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली, की दुसरी बाजूही लाल झाली असती. मुलांनी काही न समजता टाळ्या पिटल्या. मग त्याला खुर्चीत बसवून त्याच्यापुढे झाकून ठेवलेलं ताट आणण्यात आलं. भात खाली लागलेला, बटाटे आत कच्चे. त्याने बोटं चाटून खाल्लं, वर आणखी मागून घेतलं. जेवण झालं, ताट तसंच शेजारी ठेवलं आणि त्याने पाय लांब केले.

घरी परतल्यावर लगेच काही जग बदललं नाही. कपडे होते, भांडी होती, शाळा होती. पण रविवारची सकाळ फूटपट्टीची झाली. त्याने चांगले बूट आणले. गावाभोवतीच्या टेकड्या झाल्या, मग लांबच्या. हिवाळा संपला तसा तो आठवड्यातले काही दिवस एका सुताराच्या दुकानात जायला लागला आणि मुलं शाळेतून आपली आपण यायला शिकली. पहिल्या दिवशी ती वाटेत चुकून शेजारच्या गल्लीत शिरली, आणि विचारत विचारत घरी पोचलीसुद्धा.

गेल्या महिन्यात थोरली म्हणाली, “मीही येते.” बापलेकीने मिळून एक चांगला दांडगा डोंगर निवडला. वर पोचली तेव्हा वारा इतका होता, की उभं राहवेना. थोरलीच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, फूटपट्टीची टोपी उडून दरीत गेली होती, आणि दोघं एकमेकांचे हात धरून, कोण जास्त मोठ्याने ओरडतं याची पैज लावत होती. पोरगी जिंकली.