पुट्टी भरलेला तळहात

ख्रिस्तराजाचा सण आला म्हणून आमच्या चर्चमधला पुतळा रंगवून आणला. मिरवणुकीसाठी तो चौरंगावर ठेवला होता. डोक्यावर नवा मुकुट, एका हातात राजदंड, दुसरा हात पुढे केलेला. लोक फोटो काढत होते. मीही मोबाइल काढला आणि त्या उघड्या तळहाताकडे लक्ष गेलं. क्रुसावरच्या खिळ्याचा नेहमीचा खळगाच नव्हता.

"पेंटरकडून पुट्टी भरून घेतली," समितीचे अंतोनकाका खुशीत म्हणाले. "मरणाला जिंकलेला राजा आहे. त्याच्या हाताला भोक बरं दिसतं का?"

माझं डोकंच फिरलं. मुकुटवाले राजे जगात पैशाला पासरी आहेत, आणि ते सगळे दुसऱ्यांचं रक्त सांडून जिंकले. हा एकटा स्वतःचं सांडून जिंकला. मेलेल्यातून उठल्यावरही त्यानं जखमा लपवल्या नाहीत, मित्रांना हात पुढे करून दाखवल्या. त्यानं जे उघडं ठेवलं, ते बुजवणारे आपण कोण? आपल्याला जिंकलेला देव मिरवायचा असतो. मार खाल्लेल्या देवाची मात्र लाज वाटते.

हे सगळं काकांना ऐकवणार होतो, पण तोवर कार्मेलमावशी पुतळ्यापाशी आली. तिला दिसत नाही. मुलगा खाडीत बुडाला, तेव्हापासून ती दर रविवारी त्या खळग्यात बोट ठेवून प्रार्थना करते. तिनं तळहात चाचपला. पुन्हा चाचपला. मग माझ्या चाहुलीकडे वळून हळूच म्हणाली,

"बाळा, आपला राजा कुठं नेऊन ठेवलाय?"