विळी थांबायची तेव्हा

मी शिकलो, उभा राहिलो तो हिरामावशीमुळे. दीड महिन्यापूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, कारखान्यातल्या फोनवर ती गेल्याचं कळलं, आणि हातातला कागद अर्धवट वाचलेलाच राहिला…

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. मावशी तारापूरहून माशांची टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. मी तिच्याच घरी राहायचो. गिऱ्हाईक एवढंच म्हणे, "काप." मावशी माशाकडे बघे, गिऱ्हाईकाकडे बघे, मग विळी चाले. सुरमई असली की जाड तुकडे. घरात बाळंतीण असली की कुठलाही मासा बारीक. एकदा शेजारच्या नर्मदाकाकूंनी सुनेच्या बाळंतपणासाठी सुरमई घेतली, तेव्हा मावशीचा हात थांबला.

"जाड का बारीक? मना दोनी बरोबर वाटतान."

"इतक्या वर्सांची तू, नि मला इचारतेस?"

"इचारते म्हनून तर इतकी वर्सं बसलेय."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका रंगाच्या कारखान्यात उमेदवारीवर लागलो. टाक्या भरणाऱ्या संगणकाचा प्रोग्राम लिहायचा होता. त्या भाषेत 'ओत' या एकाच नावाच्या अनेक कृती लिहिता येत. काय ओतायचं आणि कशात, हे दोन्ही ऐन वेळी पाहून सर्वांत नेमकी जुळणारी कृती निवडायची. ती निवड कशी करायची, हे लिहिणं माझ्याकडे होतं. मी लिहिलं: पाण्यात काहीही, भरभर. आम्ल कशातही, हळू. पण आम्ल पाण्यात ओतायचं झालं की दोन्ही कृती सारख्याच जुळत, आणि माझा प्रोग्राम आधी लिहिलेली गुपचूप उचले… भरभर. तसं ओतलं तर आम्ल उसळून अंगावर उडतं. साहेबांना दाखवायच्या आदल्या संध्याकाळी मावशीला हे सांगितलं.

"मंग तुजा मशीन इचारीत का नाय?"

"मधेच थांबलं तर माझी नोकरी जाईल, मावशी."

"नि भरभर वतल्यावर मानूस गेला तर?"

मी थांबणं लिहिलं. दुसऱ्या दिवशी पडद्यावर प्रश्न उमटला: हळू की भरभर? साहेबांनी तो पुन्हा वाचला. मग म्हणाले, "हे कुणाला सुचलं?" मी म्हणालो, "मलाच." नोकरी पक्की झाली.

ते उत्तर मला पुढे कितीतरी वर्षं टोचत राहिलं. गेल्या पावसाळ्यात, बदलीच्या गावाहून, तिला पत्र लिहिलं. शेजारच्या मुलीकडून वाचून घेऊन तिने ते विळीच्या पाटाखाली जपलं होतं. परवा तिथेच मिळालं.

"ती. मावशीस साष्टांग नमस्कार. साहेबांना तेव्हा मी खोटं सांगितलं होतं. आज ते इथे आले होते, त्यांना खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, मावशी कुठल्या कारखान्यात होत्या? म्हटलं, बाजारात, पहिल्या रांगेत. मशीन अजून थांबून विचारतं. दिवाळीला येतो. सुरमई ठेव. जाड की बारीक, ते मला विचार."