घरची मिळकत, मुलींसमोर

सुमनताई बोंडे यांची नि माझी पहिली भेट भांडणाने झाली. हे गौरवग्रंथात लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. पण ताईंच्या बाबतीत लपवाछपवी शोभत नाही. मी मोर्शीचा संत्रा बागायतदार. मेळघाटातल्या मुलींसाठी ताई अमरावतीत वसतिगृह चालवतात. तिथे विश्वस्त व्हायला मी मोठ्या तोऱ्यात गेलो. चहाचा कप हातात देत ताई म्हणाल्या, "वार्षिक सभेत प्रत्येक विश्वस्ताने आपली मिळकत नि मालमत्ता मोठ्याने वाचायची. मुलींसमोर."

"मी काय चोर आहो का?"

"नाही ना? मग वाचा."

त्यांचे म्हणणे सरळ होते. लोक मुलींच्या नावावर पैसे देतात नि ते आपल्या हातून जातात. मग आपल्या घरात काय आले, कुठून आले, हे मुलींना कळलेच पाहिजे. सुरुवातीला ताई एकट्याच वाचत. पेन्शन, ठेव, अंगावरचे सोने, सगळे. शेवटी म्हणत, "राहते घर यजमानांच्या नावे आहे. त्याचे मी सांगू शकत नाही." यजमान म्हणजे ॲडव्होकेट जनार्दनराव. कोर्टात खणखणीत बोलणारे हे गृहस्थ शेवटच्या रांगेत बसून पुटपुटत, "घरचं सोनं चारचौघांत काहून मोजून राहिली ही?"

माझी पाळी आली तेव्हा यादी वाचताना जुन्या स्कूटरपाशी मी अडखळलो. दोघे-तिघे हसले. ताईंनी चष्म्यावरून पाहिले आणि हसणे थांबले. सभा संपल्यावर त्या आपणहून माझ्या स्कूटरवर मागे बसल्या. घराशी उतरताना म्हणाल्या, "मालमत्ता चांगली आहे हो." तेव्हापासून मी या बाईंचा झालो, तो कायमचा.

मग तो कठीण काळ आला. भाड्याच्या इमारतीचे मालक जागा सोडा म्हणू लागले. मेळघाटातल्या सेमाडोहच्या मुली पेट्या बांधून बसल्या. घरी परतल्या असत्या तर त्यांची शाळा सुटलीच असती. अशात अकोल्याच्या जुन्या शहरातले एक कापसाचे व्यापारी अमरावतीतली आपली बांधलेली इमारत द्यायला तयार झाले. अट एकच, विश्वस्त करा. पण मिळकत वाचणार नाही.

"ताई, मी देऊन राहिलो, मागून नाही राहिलो. मंग मले काहून वाचाले लावता?"

"नुसते देणगीदार व्हा. जन्मभर उपकार मानू. पण विश्वस्त झालात तर वाचावे लागेल."

शेटजी उठून गेले. मी भडकलो. "पोरींच्या डोक्यावर छप्पर नाही आन तुमी नियम धरून बसल्या!" ताई म्हणाल्या, "त्यांना सूट दिली तर उद्या कोणत्या तोंडाने वाचू?" आपला हट्ट मुलींना भोवणार, ही भीती मात्र त्यांनाही होती.

वार्षिक सभा आली. ताईंनी नेहमीप्रमाणे वाचले. घराचे वाक्य आले, तोच जनार्दनराव शेवटच्या रांगेतून उठले.

"घर माझ्या नावावर आहे, तवा मी सांगतो. वरचा मजला आमचा. खालचा आजपासून वसतिगृहाचा. बक्षीसपत्र नोंदवलं आहे."

इतकी वर्षे न अडखळता वाचणाऱ्या ताई त्या दिवशी अडखळल्या. शेवटी म्हणाल्या, "आधी मले सांगाचं तरी."

"घरात सांगून काय फायदा? तुये तर सारे हिशेब सभेतच होतात," जनार्दनराव म्हणाले. मुली हसल्या, ताई रडल्या, आणि मीही डोळे पुसले, खोटे कशाला बोलू?

अशा माणसांबरोबर काम करायला मिळाले, याचा मला फार अभिमान आहे. ताई आज पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. खालच्या मजल्यावर मुलींचा अभ्यास चालू असतो, नि वरून जनार्दनरावांची कुरकुर. दोन्ही अशीच चालू राहोत. ताईंना उदंड आयुष्य नि ठणठणीत प्रकृती लाभो. माझ्या यादीत ती स्कूटर अजून आहे. पुढच्या सभेला ताईंनी तिच्यावरच यावे. ती घेऊन मी त्यांच्या दाराशी उभा राहीन.