पायाभरणीतला गाळ

आमच्या माळावर जे हरितगृह उभं आहे, त्याचा पाया दोनदा घातला. पहिला मी घातला आणि तो चुकला. दुसरा माझ्या सासऱ्यांनी आणि थोरल्या जावेनं घातला, तो अजून जागचा हललेला नाही. हरितगृह हा कागदावरचा शब्द झाला. बोलताना आम्ही त्याला शेडनेट म्हणतो. कुणी पाहुणे बघायला आले की मी त्यांना जाळी, फवारे, रोपांचे ट्रे सगळं दाखवते आणि शेवटी उताराच्या बाजूला नेऊन दगडाची ताल, म्हणजे भराव धरून ठेवणारी भिंत, दाखवते. ते मान डोलावतात आणि पुन्हा रोपांकडं वळतात. दगडात काय बघायचं, असं त्यांना वाटत असणार. मलाही एके काळी तसंच वाटायचं.

दुष्काळाचं ते सलग तिसरं वर्ष होतं. पाटोद्याकडून डोंगराला लागलं की जी मुरमाड गावं येतात, त्यातलं आमचं एक. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जायचं आणि पाडव्याच्या सुमाराला परत यायचं. माझे थोरले दीर आणि जाऊ लग्न झाल्यापासून जात होते. माझ्या नवऱ्याची गावात पिठाची गिरणी, म्हणून मी कधी गेले नाही. दीर-जावेची दोन्ही लेकरं हिवाळाभर माझ्याजवळ असायची. जावेला मी अक्का म्हणते. सासऱ्यांना आम्ही दोघी मामा म्हणतो.

त्या साली आम्ही बायकांनी सहकारी संस्था काढली. सही करता येणाऱ्या पुष्कळजणी होत्या, पण अर्ज लिहिणारी आणि कचेरीत जाऊन साहेबाशी वाद घालणारी मीच निघाले, म्हणून मला सचिव केलं. शेडनेट उभं करायचं, थोड्या पाण्यात मिरची-टोमॅटोची रोपं वाढवायची आणि ज्यांच्या विहिरींना पाणी आहे त्या गावांना ती पुरवायची, असं ठरलं. त्यात हिवाळाभर आठ-दहा बायकांच्या हाताला गावातच काम मिळणार होतं.

बैठकीत अक्का मागं बसली होती. घरी येताना वाटेत म्हणाली, "हे झालं तर औंदा मी जाणार न्हाई. मला एकदा घरचा हुरडा खायचाय."

मी हसले. एवढ्या मोठ्या कामातून हिला काय हवं, तर हुरडा. मग हळूहळू ते माझ्या डोक्यात शिरलं. ज्वारी पेरायच्या दिवसांत ती ट्रकमध्ये बसायची. परत यायची तेव्हा ज्वारी काढून झालेली असायची आणि रानात नुसती कडब्याची गंज उभी असायची. कोवळी कणसं आरात, म्हणजे खड्ड्यातल्या निखाऱ्यांत, भाजून हातावर चोळायची, ते दिवस मधले, संक्रांतीच्या आगेमागे. हुरडा कुणाच्या हाती धाडताही येत नाही, दोन दिवसांत दाणा टणक होतो. खायचा तर रानात स्वतः हजर असावं लागतं. सतरा हिवाळे अक्का उसाच्या फडात होती. आपल्या घराची थंडी कशी असते हे तिला माहीतच नव्हतं. मी तिला म्हणाले, "अक्का, औंदा तुमी हितंच." असा शब्द देऊन बसायची मला तेव्हा खोड होती.

संस्थेला सपाट रान कुणी देईना. मामांनी आमचा माळ दिला. त्याला चांगला उतार होता. वरच्या अंगाला उभं राहिलं की खालच्या माणसाचं डोकं आपल्या पायांशी यायचं. माळाच्या पायथ्याला आमचाच ज्वारीचा पट्टा. बहात्तरच्या दुष्काळात मामा तरुणपणी सरकारी कामावर ताली घालायला शिकलेले, त्यामुळं त्यांचा हिशेब तयार होता. आधी खालच्या अंगाला दगडाची ताल उभी करायची. मग वरचा मुरूम खोदून तालीच्या आत भरायचा, थर ओला करत, धुम्मसानं ठोकत, म्हणजे उतारावर सपाट ओटा तयार होईल.

पण तीन वर्षांच्या उन्हात तो मुरूम पहार लागू देत नव्हता. मारली की पहार उलटी उडायची आणि मनगटापर्यंत झिणझिण्या यायच्या. त्याच वेळी गावचा तलाव तळापर्यंत आटलेला. सगळेजण ट्रॅक्टरनं त्यातला गाळ काढून आपापल्या रानात नेत होते, आणि ट्रॉल्यांचा रस्ता आमच्या माळाच्या पायथ्यावरूनच होता. मला युक्ती सुचली. मुरूम खोदत बसण्यापेक्षा संस्थेच्या वाट्याच्या ट्रॉल्या तिथंच ओतून घ्यायच्या. आठवड्यात ओटा तयार. ताल कशाला, खालच्या कडेला मोठाले धोंडे लावले की झालं.

बायकांना ते पटलं, आणि नुसतं सोपं म्हणून पटलं नाही. आमच्याकडं मुलगी देताना रान काळं आहे का विचारतात. मुरमाड गावातल्या बाईला काळ्या मातीचं जे वाटतं, ते बागायती मुलखात कळायचं नाही. चांगल्या कामाच्या तळाशी चांगली माती असावी, असंच सगळ्यांच्या मनात आलं. पहिल्या पाटीला आम्ही हळदकुंकू वाहिलं.

मामा धोंड्यावर बसून बघत होते. म्हणाले, "काळी भरावात घालू नगं, बाई. ती पाणी पिली की फुगती अन् वाळली की फाटती. तिच्यावर काय बी टिकत न्हाई."

"मामा, तिला प्यायला पाणी हाय कुठं?" मी म्हणाले.

सगळ्या हसल्या. मामा हसले नाहीत. उपरणं झटकून घरी गेले आणि पुढं माळावर फिरकले नाहीत. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मला बरंच वाटलं होतं. आणि खरं सांगायचं तर गाळाची ढेकळं इतकी टणक होती, की ती कधी मऊ होती हे आम्ही विसरलो होतो. शेतकऱ्यांच्या घरात जन्मलेल्या वीस बायका, आणि ओली काळी कशी वागते हे एकीलाही आठवलं नाही. तीन वर्षांत ती कुणी धड ओली पाहिलीच नव्हती.

ओटा झाला. बाहेरगावचे फिटर आले, त्यांनी खड्डे घेऊन काँक्रीटमध्ये लोखंडी पाइप उभे केले. टँकर पायथ्याच्या रस्त्यावरूनच यायचा, म्हणून पाण्याची मोठी टाकी ओट्याच्या खालच्या कोपऱ्यात ठेवली. भादव्यात ती पहिल्यांदा भरली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर टाकी निम्मी रिकामी. भोवतालची जमीन कोरडी ठणठणीत. मला वाटलं, पाणी चोरलं. मी तिथंच उभी राहून शेजारच्या वस्तीवरच्या बायकांचा उद्धार केला, दोघीतिघींना ऐकूही गेला. बोलता बोलता माझं लक्ष कोपऱ्यातल्या पाइपाकडं गेलं. तो वाकला होता. त्याच्या शेजारचाही. टाकीला तळाशी फट होती. एक थेंबही वर न दिसता सगळं पाणी खाली उतरलं होतं आणि काळीनं ते पिऊन अंग फुगवलं होतं.

फिटरांचा म्होरक्या आला, पाइपाला हात लावून बघितला आणि म्हणाला, "ताई, याच्यावर मी कमान चढवणार नाही. वाऱ्यानं एका बाजूनं उचललं तर खाली तुमच्याच बायका असतील." पाया नीट झाला तर दिवाळीनंतर येतो म्हणाला.

त्याच आठवड्यात ऊसतोडीचा मुकादम दिरांना विचारायला आला. अक्कानं मला चुलीपाशी गाठलं. "दसऱ्याच्या आत हुईल का गं?"

सगळा भराव उपसायचा होता. मग ताल, मग मुरूम, मग कमानी, मग जाळी. रोपांना हात लागायला पौष उजाडला असता, आणि मुकादम काही पौषापर्यंत थांबणारा नव्हता. मी म्हणाले, "न्हाई व्हायचं, अक्का." आयुष्यात एवढं अवघड वाक्य मी दुसरं बोललेले नाही. ती बरं म्हणाली आणि भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुदळ घेऊन माळावर होती. मी म्हणाले, "अक्का, तुमी तर चालल्या. तुमी कशाला?"

"जाईपर्यंत तर हाय की मी," ती म्हणाली आणि काळीत कुदळ घातली.

मी मामांकडं गेले. त्यांच्यापुढं उभी राहिले. एरवी तोंडाला कुलूप नसलेली मी, नुसती पदराचं टोक पिळत राहिले. मामा म्हणाले, "नळी आन." ती प्लॅस्टिकची नळी, पाणी भरून सपाटी बघायची. चुकीबद्दल त्यांनी मला कधी एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

उपसलेली काळी अक्कानं वाया जाऊ दिली नाही. पाटी भरायची, उतारानं खाली न्यायची आणि ज्वारीच्या पट्ट्यात पसरायची. आम्ही सगळ्या तेच करत होतो, पण तिच्या पाट्या दुप्पट व्हायच्या. ऊस तोडून मोळ्या वाहिलेली मान ती. मामांनी जमीन टणक लागेपर्यंत खाली चर खोदला आणि त्यातून ताल उठवली. दगड नुसता रचायचा नाही, त्याचं तोंड बघायचं. दर दोन हातांवर एक लांब दगड भरावात खोल जाईल असा. सगळी भिंत माळाकडं जराशी कललेली. मध्ये बारीक फटी, पाण्याला निघायला. अक्का दगड आणायची, मामा तो फिरवून बघायचे, पसंत नसला तर नुसती मान हलवायचे आणि अक्का दुसरा आणायची. दोघांचं दिवसभर असंच चालायचं.

भरावाचा मुरूम ओला केल्याशिवाय बसत नाही, आणि टँकरचं पाणी प्यायलाही पुरत नव्हतं. तेव्हा अक्कानंच सुचवलं की भांडी विसळलेलं, लेकरं धुतलेलं पाणी कुणी फेकू नका. रोज सकाळी प्रत्येक घरातून एक बादली माळावर यायची. राखेचं, साबणाचं, ताकाचा वास असलेलं पाणी. एक वीतभर थर, त्यावर ते पाणी, त्यावर धुम्मस. साऱ्या गावाचं खरकटं पाणी त्या पायानं पिऊन घेतलं.

शेवटचा थर दसऱ्याच्या आदल्या दिवशी बसला. अक्का त्यावर चढली, टाच आपटून बघितली आणि म्हणाली, "आता हालत न्हाई." तिसऱ्या दिवशी ट्रक आला. मी तिचं गाठोडं वर दिलं. मला म्हणायचं होतं की माझं चुकलं, माझ्या घाईनं तुमचा हिवाळा गेला. मी म्हणाले, "लेकरांची काळजी करू नका." ट्रक वळणापलीकडं गेला तरी मी रस्त्यात उभी होते.

ती गेल्यावर एक बरा पाऊस झाला. मामांनी पट्ट्यात ज्वारी पेरली. दिवाळीनंतर कमानी चढल्या, जाळी ताणली गेली, एकही पाइप हलला नाही. पौषात पहिली रोपं वर आली, आणि त्याच दिवसांत खालची ज्वारी हुरड्यात आली. आख्ख्या गावात तसली कणसं नव्हती. अक्कानं डोक्यावरून नेलेल्या काळीत ती आली होती. एका सकाळी मामांनी आर पाडला, लेकरांनी कणसं भाजली. मी चोळून चोळून सगळ्यांना दिलं. मी स्वतः एक दाणाही खाल्ला नाही.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. लेकरांचं विचारलं, रोपांचं विचारलं, मग म्हणाली, "हुरडा झाला का गं औंदा?"

"कुठला, अक्का," मी म्हणाले, "ज्वारी करपली सगळी."

ती म्हणाली, "असू दे. फुडल्या साली." आणि फोन ठेवला.

पुढल्या साली पाऊसकाळ बरा झाला. तालीच्या फटींतून पाणी निवळ होऊन खाली उतरत राहिलं आणि वरचा ओटा होता तसा राहिला. दसऱ्याला ट्रक आला आणि अक्काला न घेता गेला. पौषात आम्ही तालीच्या पायथ्याशी आर पाडला. मामांना दात नाहीत, त्यांच्यासाठी मी वेगळा हुरडा कुटत होते. अक्का तालीला पाठ टेकून बसली होती. तिनं पहिली मूठ तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिली. मग दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली.

"मागल्या सालाइतका गोड न्हाई म्हणत्यात मामा," ती म्हणाली.

मी कुटायची थांबले. मामा आराकडं बघत होते.

"त्यांनी तवा दुपारीच सांगितलंतं फोनवर," अक्का म्हणाली. "तुला इचारलं त्याच्या आदी."

"मग तवा मला कावून बोलल्या न्हाई?"

"काय बोलायचं? तुझ्याच्यानं खाल्ला गेला न्हाई, एवढं त्यावरनं कळलं मला." तिनं आरातलं एक कणीस काढलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि मूठ माझ्यापुढं धरली. "घे. दोन सालाचा खा आता."

मी हात पुढं केला.