सव्वीस म्हणजे नेमका कुठला?

आमच्या दुकानात टायर कधीच पुरेसे नसतात. किस्से मात्र इतके साठलेत की त्यांच्यासाठी वेगळं गोडाऊन बघावं लागेल. कुणी मित्र चहाला आला म्हणून एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या मागं दुसरा लटकून येतो आणि चहा गार होतो.

दुकान भूगावात आहे. सायकलचं. माझं आणि संपतरावांचं. मी मूळचा लातूरकडचा. हिंजवडीत नोकरीला आलो, काही वर्षं स्क्रीनसमोर बसलो, आणि मग ते सोडून सायकली दुरुस्त करायला लागलो. संपतराव इथलेच. दुकानाची जागा त्यांची. मागची शेती बिल्डरला दिल्यापासून "घरात बसून भिंतीशी काय बोलू" म्हणत ते रोज सकाळी दुकानात येऊन बसायचे. हळूहळू हातात पाना घ्यायला लागले आणि पार्टनर झाले.

विचित्र मापाचा टायर मिळवून देणारे, अशी आमची ख्याती झालीय. लोकांना वाटतं, टायरचं माप म्हणजे चपलेचं माप. सातची चप्पल सातच्या पायात जाणारच. टायरचं तसं नसतं. सव्वीस इंची म्हणून विकले जाणारेच चार-पाच निरनिराळे असतात, आणि एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर चढत नाही. म्हणून फोन आला की मी आधी सांगतो, टायरच्या कडेला बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा. बहुतेक लोक "मेड इन तैवान" वाचून दाखवतात.

*

सूसहून एक जोडपं आलं होतं. मुलीची सायकल बाहेरून आणलेली, टायर फाटलेला, आणि त्यावरची अक्षरं घासून गेलेली. अख्खं चाक काढून आणायचं तर काढता येईना. मग नवऱ्यानं डोकं चालवलं. बायकोनं चाकाच्या दोन्ही बाजूंना हात लावले, तेवढंच अंतर ठेवून ते उचलले, आणि तशीच स्कूटरवर मागं बसली. सूसपासून भूगावपर्यंत दोन्ही हात हवेत पसरून. चांदणी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये लोकांनी वळून वळून पाहिलं असणार. एका रिक्षावाल्यानं विचारलंसुद्धा म्हणे, ताई, काय पडलं का?

दुकानासमोर स्कूटर थांबली. बाई तशाच उतरल्या, तशाच पायऱ्या चढल्या. हे काय चाललंय ते मला माहीत नव्हतं. गिऱ्हाईक दारात आलं म्हणून मी नेहमीसारखा हात जोडून नमस्कार केला.

बाईंनीही केला.

नवरा स्कूटरच्या स्टँडवर पाय ठेवून नुसता बघत राहिला. मग त्यानं स्कूटर परत वळवली.

*

एक साहेब सॉफ्टवेअर टेस्टर होते. सोसायटीतला एक जपानी शेजारी मायदेशी जाताना त्याची घडीची सायकल यांना देऊन गेला. वीस इंची चाकं. साहेब वीसचा टायर घेऊन गेले आणि संध्याकाळी परत आले. बसत नाही म्हणाले. मी त्यांना समजावलं, की विसातही दोन जाती आहेत, एक थोडी लहान रिमची आणि एक मोठी. तुमची मोठी असणार, ती मागवावी लागेल.

साहेबांना हे पटेना. एकाच आकड्याच्या दोन गोष्टी असूच कशा शकतात, हा त्यांचा मुद्दा. आमच्या क्षेत्रात याला बग म्हणतात, हे त्यांनी बऱ्याच प्रकारे सांगितलं. मी मान डोलवत राहिलो.

कोपऱ्यात संपतराव साखळीला तेल घालत होते. वर न बघता म्हणाले, "साहेब, आमच्या गावात दोन पाटील हायेत. दोघंबी पाटीलच. पन एकाच्या घरात दुसऱ्याची सून नांदंल का?"

साहेबांनी टायर मागवायला सांगितला.

*

एका बिल्डरला सॅम्पल फ्लॅटच्या दारात शोभेला जुन्या काळची सायकल हवी होती. पुढं अवाढव्य चाक, मागं इवलंसं. ती त्यानं कुठूनतरी बनवूनही आणली. पण नुसतं लोखंडी चाक बरं दिसेना, काळा टायर पाहिजे म्हणाला. असा टायर कुठं मिळणार? संपतरावांनी बागेत पाणी घालायचा काळा पाइप आणला, चाकाभोवती गुंडाळला आणि तारेनं घट्ट आवळला. लांबून अगदी टायर. लोक फोटो काढायला लागले.

मे महिन्यात बिल्डरचा माणूस सायकल टेम्पोत घालून परत घेऊन आला. टायर निघालाय, बसवून द्या म्हणाला. आम्ही बघितलं, तर पाइपच्या एका टोकाला फवारा लावलेला होता आणि दुसऱ्या टोकातून अजून पाणी ठिबकत होतं.

*

बेल्जियमची एक बाई सायकलवरून भारत बघत चालली होती. कोकणातून ताम्हिणी चढून वर आली आणि मुळशीजवळ तिचा मागचा टायर कडेनं फाटला. एका टेम्पोवाल्यानं तिला सायकलीसकट आमच्या दारात आणून उतरवलं. सायकल तिच्या वडलांची, जुनी, आणि टायरवरचं माप फ्रेंच पद्धतीचं, आपल्या हिशोबानं सव्वीसच्या आसपास. दुकानातले सव्वीसचे दोन्ही टायर मी लावून बघितले. एक चढेचना, दुसरा रिमवर सैल फिरायला लागला. पुण्यात चार ठिकाणी फोन केले. मागवावा लागेल, हेच उत्तर. तिच्या व्हिसाची मुदत संपत आली होती आणि त्याआधी तिला हिमालयात पोचायचं होतं. ती पायरीवर बसली. रडत नव्हती, पण एकाच बिस्किटाकडे बराच वेळ बघत होती.

बबनराव दूधवाल्यांची सायकल पंक्चरसाठी दुकानात उभी होती. आम्ही नव्या पद्धतीच्या सायकलींचा माल ठेवतो, त्यामुळं दूधवाल्यांचे जाड टायर आमच्याकडे नसतात. पंक्चर काढताना सहज माझी नजर त्या टायरच्या कडेवर गेली. सव्वीस इंची, दीड इंच जाड. उगीच एक प्रयत्न म्हणून बाईच्या रिमवर लावून बघितला, आणि तो तिच्यासाठीच केल्यासारखा बसला.

आता बबनरावांना कसं विचारायचं? टायर नवा कोरा होता, त्यांनी नुकताच टाकलेला. पण मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, "राहू द्या तिलाच. तिला लांब जायचंय. मी काय, पौडाच्या पुढं कवा गेलोय?" त्या दिवशी उरलेलं दूध त्यांनी सायकल ढकलत घातलं.

काही आठवडे गेले. एक दिवस बाईनं मला फोटो पाठवला. मागं बर्फाचे डोंगर, पुढं ती आणि सायकल. बबनराव आल्यावर मी तो दाखवला. त्यांनी डोंगर बघितले नाहीत, बाईकडंही बघितलं नाही. दोन बोटांनी चित्र मोठं करत करत मागच्या चाकापाशी नेलं. झिजला न्हाई अजून, म्हणाले. मग फोन परत देत म्हणाले, "तिकडं कुत्री मागं लागत्यात का, इचारा तिला. टायरला दुधाचा वास हाय."

*

इंगोले मॅडम अकोल्याच्या. तिकडं एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. पाय गेल्यावर मुलाकडे भूगावात राहायला आल्या. मुलीनं त्यांना परदेशातून हलकी व्हीलचेअर पाठवली होती. तिचे टायर तडकले आणि शोध सुरू झाला. औषधांच्या दुकानातले म्हणाले, सायकलच्या दुकानात जा. सायकलवाले म्हणाले, हे औषधांच्या दुकानात मिळतं. लहान मुलांच्या सायकलीचा चोवीसचा आणून बघितला, तो रिमपेक्षा लहान निघाला. उन्हाळा असाच गेला. मुलगा आमच्याकडे आला तोवर खुर्ची घडी करून दाराआड ठेवलेली होती.

मला माप सापडलं, टायरही सापडले, पण ते होते खडबडीत रस्त्यासाठीचे. काळे आणि चांगले नक्षीदार. मी बसवायला घरी गेलो तेव्हा म्हटलं, घरात वापरायला जरा रांगडे आहेत. मॅडम म्हणाल्या, घरात कोण बसणार आहे?

खुर्चीत बसल्याबरोबर त्यांनी ती लिफ्टकडे घेतली. खाली उतरल्या, लॉबीतून गेटपर्यंत गेल्या, भाजीच्या गाडीवरून स्वतः निवडून वांगी घेतली आणि परत आल्या. मी टूलबॉक्स घेऊन मागं मागं. लॉबीच्या पांढऱ्या फरशीवर जाताना दोन आणि येताना दोन, अशा काळ्या रेघा उठल्या होत्या.

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन आले. माणूस वाईट नाही, पण ती फरशी त्यांच्या कारकिर्दीत बसलेली. नम्रपणे म्हणाले, की मॅडम, डाग पडतायत, ग्रुपवर दोघांनी फोटो टाकलेत.

मॅडमनी वांग्यांची पिशवी मांडीवर नीट ठेवली. शाळेतला आवाज काढला नाही, साध्याच बोलल्या. "फरशी पुसता येते हो. उन्हाळाभर मी बाल्कनीत होते. तेव्हा ग्रुपवर कुणी काही टाकलं नाही."

चेअरमननी लिफ्टचं दार धरून ठेवलं. खुर्ची आत जाईपर्यंत ते तिथंच उभे होते.

*

आता शेवटचा.

कासारसाईहून एक वयस्क गृहस्थ आले. पांढरं धोतर, टोपी, आणि काखेत एक चाक. नुसतं चाक. पुढचं. नाव श्रीपतराव. संपतराव त्यांना ओळखत होते. चाक कुठल्या तरी विलायती सायकलीचं होतं. त्यांच्या वडलांना धरणाच्या कामावरच्या एका साहेबानं जाताना दिलेली. अठ्ठावीसच, पण आपल्याकडच्या रोजच्या अठ्ठावीसपेक्षा रिम किंचित मोठी. मी म्हटलं, टायर अवघड आहे, शोधतो, पण सायकल घेऊन या, म्हणजे मागचंही बघतो.

"मागचं माझ्याकडं न्हाई," ते म्हणाले. "धाकट्याकडं हाय."

मी संपतरावांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यानंच गप्प राहायला सांगितलं. पण मला राहवलं नाही. मी विचारलं, "मग सायकल कुठंय?"

"बहिनीकडं."

ते गेल्यावर संपतरावांनी सगळं सांगितलं. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या. रस्त्याकडेच्या जमिनीवरून दोघा भावांचं फिसकटलं आणि बोलणं बंद झालं. मग भांडीकुंडी, बैल, कौलं, सगळं अर्धं अर्धं झालं. सायकलवर अडलं, तेव्हा चाकं काढून एकेक घेतलं. उरलेला सांगाडा कुणाला, हे ठरेना. बहिणीनं आधीच जमिनीवरचा हक्क सोडून सही केली होती. ती म्हणाली, मला काही नको, सांगाडा तेवढा द्या. त्यावर बसून मी शाळेत गेलेय. आता तिनं भूगावात छोटं घर बांधलं होतं आणि वास्तुशांत आली होती. थोरल्याला निरोप पाठवलेला की साडी-चोळी नको, चाक आण. टायर घालून आण.

मी शोधत राहिलो. शेवटी एका जुन्या व्यापाऱ्याच्या माळ्यावर त्या मापाचे टायर मिळाले. पण तो सुटा द्यायला तयार नव्हता, जोडीच घ्या म्हणाला. मी जोडी आणली. श्रीपतराव आले, एक बसवून घेतला. हवा भरली, अंगठ्यानं दाबून बघितली, अजून भरा म्हणाले. चांगला कडक झाल्यावर त्यांचं समाधान झालं. दुसराही घेऊन जा म्हटलं, तर त्यांनी मान हलवली.

"दुसऱ्याचं मला काय करायचंय?"

ते चाक काखेत मारून निघून गेले. दुसरा टायर संपतरावांनी भिंतीवरच्या खुंटीला अडकवला. मी म्हटलं, हा आता आपल्या गळ्यात.

त्या आठवड्यातच एक गृहस्थ आले. श्रीपतरावांसारखाच चेहरा, फक्त टोपी नाही. हातात मागचं चाक. वास्तुशांत जवळ आलीय, ह्या मापाचा टायर मिळंल का, बाजारात सगळे न्हाई म्हनत्यात, असं त्यांनी सांगितलं. संपतराव उठले. खुंटीवरचा टायर काढून काउंटरवर ठेवला.

धाकट्यांनी वाकून टायरच्या कडेवरचा आकडा वाचला. मग त्यांनी विचारलं, की तुमच्याकडं ह्यो आधीच कसा?

मी म्हणालो, "तो जोडीनंच मिळतो."

त्यांनी चाक पुढं केलं. मी टायर चढवला, ट्यूब नीट बसली का ते बघितलं, आणि पंप लावला. ते शेजारी उभे होते. हवा भरत आली तसं मी त्यांना म्हटलं, दाबून बघा, बास का?

त्यांनी टायरला हात लावला नाही.

"त्यानं किती भरली?"

"कडक."

"तेवढीच भरा."