आमच्या डॉक्टरांची फुलगोबी

खोटं बोलणारा माणूस ओळखायला पोलिसांना काय काय खटपटी कराव्या लागतात. आमचे डॉक्टर फक्त "पथ्य पाळलं का?" एवढंच विचारतात. प्रश्न पुरा व्हायच्या आत "हाव डॉक्टरसाब, हाव हाव!" असं उत्तर आलं, की समजावं, जेवणात लोणच्याची फोड होती आणि तीही एकच नव्हती. ज्याने खरंच पथ्य पाळलेलं असतं तो आधी कुरकुरतो. "काय सांगू बाप्पा, जेवनात राम नाई राह्यला," म्हणतो, आपल्याकडे रागाने बघतो आणि मग कुठे "हाव" म्हणतो. खरा 'हाव' नेहमी उशिरा येतो असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. दवाखान्याच्या पुढच्या खोलीत बसून नंबर लावता लावता माझंही तेच मत झालं आहे.

डॉक्टर म्हणजे माझा नवरा. हिवरखेडपासून थोडं आत, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. गावात दुसरा डॉक्टर नाही, त्यामुळे त्यांचं नाव घ्यायची कुणाला गरज पडत नाही. मीही उखाण्यापुरतंच घेतलं असेल. गाव मळ्यांचं: वांगी, भेंडी, गोबी, कडेला झेंडू. कुणाच्या पोटात काय दुखतं हे त्याच्या बायकोआधी डॉक्टरांना कळतं. स्वभाव मात्र असा तापट, की अर्धा ताप तर लोकांचा त्यांच्या आवाजानेच उतरतो.

तर अशा माणसाने लोकसभेला उभं राहायचं ठरवलं.

त्याला कारण झाली आमच्या शेजारच्या मळ्यातल्या आजीची सून. मागच्या पावसाळ्यात भेंडी तोडताना तिला साप चावला. जवळच्या सरकारी दवाखान्यात सापाचं इंजेक्शन नव्हतं. डॉक्टरांनी तिला जीपमध्ये घातलं आणि अकोला गाठेपर्यंत तिचा हात सोडला नाही. ती वाचली. पण घरी परत आल्यावर डॉक्टर ताटावरून उठले, ते ओसरीवर जाऊन बसले. मग त्यांनी अर्ज केले, फोन केले, अकोल्याच्या आरोग्य कार्यालयात चकरा मारल्या. प्रत्येक ठिकाणी "आलं की पाठवतो" हे उत्तर. सगळा हिवाळा असाच गेला आणि एक दिवस ते म्हणाले, "आता मीच दिल्लीले जातो."

मी म्हटलं, "माझ्या माहेरी, मोर्शीला, दोन दिवस करमत नाही तुम्हाला. दिल्लीत काय कराल?"

"पुढच्या पावसाळ्याआधी ते इंजेक्शन अठी आणीन," ते म्हणाले. थट्टेचा विषय नव्हता, म्हणून मी गप्प बसले. एरवी मी गप्प बसत नाही.

कोणत्याही पक्षाने त्यांना विचारलं नाही, त्यांनीही कुणाला विचारलं नाही. अपक्ष उभे राहिले. चिन्ह म्हणून त्यांनी स्टेथोस्कोप मागितला होता. तो मिळाला दुसऱ्याच एका उमेदवाराला, ज्याचा डॉक्टरकीशी संबंध सर्दी होण्यापुरता. आमच्या वाट्याला आली फुलगोबी. हीच ती फुलगोबी, जिला डॉक्टर इतकी वर्षं गॅसचं माहेर म्हणत आले! गावातल्या अर्ध्या पोटांना त्यांनी ती बंद केली होती. आता भोंगा लावलेला ऑटो गल्लोगल्ली ओरडत फिरू लागला, "फुलगोबीचं बटन दाबा, फुलगोबीले निवडून द्या!" दवाखान्यात बायका मला हळूच विचारायच्या, "बाई, मंग आता खाची का नाई खाची?"

प्रचार पाहण्यासारखा होता. वैशाखाआधीच अकोल्याचं ऊन माणसाला तव्यावर घेतं. त्यात डॉक्टर डोक्याला दुपट्टा बांधून निघायचे. इतर उमेदवार मतदाराचा हात हातात घेतात आणि सोडून देतात. डॉक्टरांची बोटं आपोआप नाडीवर जायची आणि तिथेच थांबायची. पाठीमागचे कार्यकर्ते खोळंबायचे. "बीपीची गोळी घेतो का तू?" "हाव हाव!" "म्हंजे नाई घेत." आणि भर चौकात त्या मतदाराची हजेरी घेतली जायची. बाळापूरला एका सभेत ते दोन वाक्यं बोलले असतील, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या कुणीतरी जीभ काढून दाखवली. मग सगळ्याच रांगेने काढली. सभा संपली तेव्हा भाषण झालं नव्हतं, पण मंडपातले बरेच लोक तपासून झाले होते.

मी हे सगळं हसत हसत सांगतेय, पण डॉक्टर मनापासून पळत होते. रात्री पाय सुजलेले असायचे, आणि मी पाय शेकायला पाणी दिलं की नकाशा काढून उद्याची गावं पाहायचे.

मतदानाच्या थोडं आधी आमच्याच गावच्या पारावर सभा झाली. दुसऱ्या एका उमेदवाराचा माणूस मागून ओरडला, "डॉक्टर, तुमाले तुमच्या गावात तरी मतं भेटतीन का?" एवढं पुरलं. डॉक्टरांनी माईक असा धरला जसा काही तो एखाद्या हट्टी पोराचा कान आहे.

"या गावानं मले लीड नाई देल्ली ना," ते गरजले, "तं दवाखान्याले कुलूप लावीन अन् अकोल्याले राहाले जाईन! घ्या मंग झाडपाला!"

पारावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. ते घाबरणं मला स्पष्ट दिसलं. मला वाटलं, आता झक मारत मतं देतील.

दुसऱ्या दिवसापासून गावात जो उत्साह संचारला तो मी कधी पाहिला नव्हता. ज्याच्या त्याच्या कानाला फोन. मळ्यातली आजी तर भाज्यांच्या टोपल्या बाजूला सारून सकाळपासून सोयरेधायरे गाठत होती. मी दारातून जाताना ऐकलं: "फुलगोबी ध्यानात ठेवजो बरं! इसरू नोको! घरातल्या साऱ्यायले सांगजो!" बाळापूरला दिलेल्या लेकीला फोन झाला, मूर्तिजापूरच्या नणंदेला झाला, पातूरच्या विहीणबाईला झाला. शेवटी तिने मोर्शीला भावाच्या घरी लावला.

"आजी," मी म्हटलं, "मोर्शी आपल्या मतदारसंघात येतच नाही."

"येओ का न येओ," आजी म्हणाली, "सांगून ठेवलं तं काय बिघडते?"

माझे डोळे भरून आले. घरी येऊन डॉक्टरांना सांगितलं. तेही नाक पुसायच्या निमित्ताने उठून आत गेले.

निकाल लागला तो मृग लागायच्या तोंडावर. आमच्या गावाने फुलगोबीला अशी लीड दिली होती की दुसऱ्या उमेदवारांचे पोलिंग एजंट तोंड लपवत फिरत होते. आणि बाकी सगळीकडे डॉक्टर सपशेल आपटले. मूर्तिजापुरात आपटले, पातुरात आपटले. बाळापुरात ज्यांच्या जिभा पाहिल्या होत्या त्यांनीही हात आखडता घेतला. मजा म्हणजे गावातला एकही माणूस सुतकी चेहऱ्याने भेटायला आला नाही. सगळे कसे ताजेतवाने. "जाऊ द्या डॉक्टरसाब, आपल्या गावानं तं इज्जत राखली ना!" असं म्हणत लगेच दंड पुढे करत होते, सुईसाठी.

डॉक्टर दंडात सुई टोचत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. आकाश भरून येत होतं. मला ठाऊक होतं ते कशाचा विचार करत आहेत. पाऊस पडला की बिळात पाणी शिरतं आणि साप बाहेर येतात.

अशा वेळी आजीचे जावई आले. बाळापूरचे. सासुरवाडीला आले, आंबरस अंमळ जास्त झाला आणि पोट धरून दवाखान्यात आले. सोबत आजी. बाहेर बाकावर गावातली दहाबारा ओळखीची तोंडं. तपासताना डॉक्टर सहज म्हणाले, "बाळापूरनं लय निराश केलं बुवा मले."

जावई टेबलावर आडवे पडलेले. तिथूनच बोलले, "आता काय करता? सासूबाईचा फोन. म्हने, फुलगोबी ध्यानात ठेवजो, चुकून बी तिचं बटन दाबजो नोको. तुमच्या साऱ्या गावाचेच फोन आले व्हते. सासुरवाडीचा शब्द कसा मोडाचा?"

आमच्याकडे जावयाला 'गप्प बसा' असं सासूने म्हणायची सोय नाही. आजीने पदर तोंडावर ओढला आणि पदराआडून खोकायला लागली, पण तो खोकला काही जावयांना समजला नाही. ते पुढे बोलतच राहिले. कोणी कोणाला फोन केला, कोणी शपथ घातली, सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढला आणि बाहेरच्या खोलीत आले. बाकासमोर उभे राहिले.

"तुमी मले मत देल्लं?"

बाकावर चुळबुळ झाली. "आता कुलूप लावतो म्हनल्यावर काय करन मानूस," एक जण पुटपुटला. "देल्लं बाप्पा." दुसरा म्हणाला, "हाव, देल्लं." सगळे 'हाव' उशिरा आले, कुरकुरत आले. खरे होते.

"अन् सोयऱ्यायले काय सांगतलं?"

"तुमालेच द्या म्हून!" अख्खा बाक एका दमात बोलला. प्रश्नसुद्धा धड संपला नव्हता.

मी तोंडात पदर कोंबला. हसू आवरत नव्हतं आणि रागही आवरत नव्हता. एवढ्या उन्हात पळालेला माझा नवरा, आणि या लोकांनी त्याला गावात निवडून दिला आणि बाहेर पाडला! डॉक्टर मात्र हसले नाहीत.

"काहून?" त्यांनी एवढंच विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच सगळे बिचकले.

पदर खाली करून आजीच बोलली. "तुमी दिल्लीले गेले असते तं अठी कोन व्हतं? माह्या सुनेचा हात कोन धरला असता?"

"आजी, मी हात धरला म्हून नाई वाचली ते. अकोल्यात इंजेक्शन भेटलं म्हून वाचली. हाच हात धरून दुसरी कोनी वाटेत गेली तं? माह्या हातानं जहर उतरत नाई. मी त्याच्यासाठीच जाऊन राह्यलो व्हतो."

डॉक्टरांना ठेवून घेण्याच्या नादात ते कशासाठी निघाले होते हे कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. मला त्या क्षणी त्या सगळ्यांचा राग आला आणि, काय सांगू, हेवाही वाटला. इतकं जपून कुणी कुणाला पाडलेलं मी पाहिलं नाही.

मग डॉक्टरांनी मला हाक मारली. "दवाखाना आज बंद. प्रचाराचा ऑटो बोलवा, अन् जीप काढा." बाकाकडे वळून म्हणाले, "दिल्लीले जाऊ नाई देल्लं ना? मंग चला अकोल्याले. ज्याले ज्याले सुई पाह्यजे, त्यानं गाडीत बसाचं. सुई आल्यावर."

आम्ही सगळे निघालो. जावईसुद्धा निघाले, पोट धरून, कारण एकट्याने सासुरवाडीत बसायची त्यांची हिंमत नव्हती. ऑटोवर फुलगोबीचा फलक तसाच होता आणि भोंगा बंद कसा करायचा हे ऑटोवाल्याला काही केल्या सापडेना. त्यामुळे हिवरखेड, अकोट आणि पुढे अकोल्यापर्यंत पडलेल्या उमेदवाराला निवडून द्यायचं आवाहन सुरूच राहिलं. रस्त्यावरचे लोक आमच्याकडे पाहून डोक्याला हात लावत होते.

कार्यालयातले साहेब इतकी माणसं पाहून खुर्चीतून अर्धे उठले. "हा मोर्चा कुणाचा? तुमचा नेता कोण?"

डॉक्टर काही बोलायच्या आत आजी पुढे झाली. "हे नेते नाईत. याईले आमीच पाडलं," ती म्हणाली. "म्हून आता आमीच आलो. सापाचं इंजेक्शन द्या."

साहेबांना त्यातलं किती कळलं देव जाणे. त्यांनी पाणी मागवलं, फाईल मागवली, डॉक्टरांना खुर्ची दिली. डॉक्टरांनी सांगितलं, पाऊस दारात आहे, आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात इंजेक्शन आठ दिवसांत पोचायला पाहिजे.

"हो हो, नक्की! अगदी नक्की! काळजीच करू नका!" साहेब म्हणाले. डॉक्टरांचं वाक्य अजून संपायचं होतं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर उभं राहून ते लोकांना म्हणाले, "हा साहेब पथ्य पाळनाऱ्यातला नाई. पुढच्या सोमवारी आपल्याले पुन्हा यावं लागन. याल का?"

आधी कुरकूर सुरू झाली. सोमवारी बियाणं आणायचं होतं. कुणाची बैलजोडी सांगून ठेवलेली होती. ऊन तर असं, की जीव जाते, आणि त्या भोंग्यानं कान किटले. आजी म्हणाली, तिच्या मळ्यात सोमवारी वांग्याचा तोडा आहे, तोडा काय तुमचा साहेब करणार आहे? डॉक्टर दुपट्ट्याने तोंड पुसत उभे होते, घाई न करता.

मग आजीने चपलेत पाय सरकवला.

"हाव," ती म्हणाली. "येऊ."

तिच्यामागून एकेकाचा 'हाव' आला, सावकाश. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले, आणि कित्येक महिन्यांनी मी त्यांना खळखळून हसताना पाहिलं.